परांची चढण्याआधी ठरवणार कोण ते सांगा

वाचक लिहितात :

«आमची मुलुंडमधली सोसायटी १९९१ सालची. तीन विंग, छप्पन्न सदनिका. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये मोठी दुरुस्ती सांगितली आहे. कॉलम-बीम, बाहेरचं प्लास्टर, ड्रेनेजच्या लाइन, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि शेवटी रंग. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, निविदा उघडल्या, कंत्राटदार ठरला. दिवाळीनंतर काम सुरू होईल. मी शाळेत गणित शिकवते आणि यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या वेळी नुसतं रंगाचं काम दोन पावसाळे रेंगाळलं होतं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. आयटीतले एक सभासद म्हणतात, सॉफ्टवेअर घेऊ, ॲजाइल पद्धतीनं, म्हणजे छोटे छोटे तुकडे पाडून करू. अध्यक्ष काका म्हणतात, कंत्राटदार अनुभवी आहे, त्याच्यावर सोपवा. पण तेच रोज खाली उतरून मजुरांना सूचना देणार, हे मला आत्ताच दिसतंय. मला सिमेंटमधलं काही कळत नाही. मी नेमकं करायचं काय? आणि दुरुस्तीवर देखरेख करणारा कन्सल्टंट कामाच्या रकमेवर टक्केवारी मागतोय, ती द्यावी का?»

सचिवताई,

सिमेंटचं कन्सल्टंट बघेल, त्याचेच तो पैसे घेतो. मजुरांचं मुकादम बघेल. तुमच्या वाट्याचं काम मात्र कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. ज्या दिवशी ज्या गोष्टीचा निर्णय हवा असेल, त्या दिवशी तो झालेला असला पाहिजे. एवढंच तुमचं काम, आणि ते पूर्णवेळ पुरेल इतकं आहे.

दुरुस्तीची कामं मजूर आळशी म्हणून क्वचित रेंगाळतात. होतं असं : चौथ्या मजल्यावर परांचीवर बसलेला गडी विचारतो, ही खिडकीची जाळी काढायची की ठेवायची? मुकादम म्हणतो, साहेबांना विचारतो. साहेब म्हणतात, कमिटीला विचारा. कमिटीची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, आणि त्या शनिवारी कोरम होत नाही. दरम्यान कंत्राटदारानं ती माणसं दुसऱ्या साइटवर हलवलेली असतात, आणि ती परत यायला पुढचा महिना उजाडतो. तुमच्या मागच्या रंगकामाची इतिवृत्तं काढून वाचा. दोन पावसाळ्यांचं उत्तर बहुधा त्यातच सापडेल.

तेव्हा सॉफ्टवेअर राहू द्या, आधी एक जाड वही घ्या. चार रकाने आखा : काय ठरवायचं, कुणी ठरवायचं, कोणत्या तारखेच्या आत, काय ठरलं. कन्सल्टंट आणि कंत्राटदाराला समोर बसवून एकच प्रश्न विचारा, «पुढच्या सहा महिन्यांत तुम्हाला आमच्याकडून काय काय कळायला लागेल?» ते सांगतील तसं लिहीत जा. साधारण अशा ओळी निघतील :

बी विंगच्या खिडक्यांबाहेरच्या बॉक्स ग्रिल. काढून पुन्हा बसवायच्या की कापून टाकायच्या, आणि खर्च कुणाचा? ठरवणार : विशेष सर्वसाधारण सभा. बी विंगवर परांची चढायच्या महिनाभर आधी.

एसीचे बाहेरचे युनिट उतरवणार कोण, पुन्हा गॅस भरायचा खर्च कुणाचा? ठरवणार : कमिटी. काम सुरू व्हायच्या आधी.

डक्टमधली जुनी बिडाची लाइन बदलताना फ्लॅटमधली फरशी फुटली तर भरून कोण देणार? ठरवणार : सर्वसाधारण सभा. करारावर सही व्हायच्या आधी.

बाहेरच्या रंगाची छटा. ठरवणार : तिघांची उपसमिती. नमुन्याचे पट्टे मागच्या भिंतीवर मारून, फेब्रुवारीअखेर.

छटेच्या ओळीत मी मुद्दाम उपसमिती लिहिली आहे. कॉलमच्या दुरुस्तीवर सभेत कुणी तोंड उघडत नाही, कारण त्यातलं कळत नाही. रंगातलं सगळ्यांनाच कळतं. हा विषय छप्पन्न जणांपुढे ठेवलात तर पुढच्या दिवाळीतही भिंतीवर नुसते पट्टेच असतील.

या वहीतला दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. काम कुणी करायचं हे प्रत्येक सोसायटी लिहून काढते. ठरवायचं कुणी, हे लिहीत नाही. कमिटीनं किती रकमेपर्यंतचा जादा खर्च आपल्या अधिकारात मान्य करायचा, त्यापुढे सभा किती दिवसांच्या नोटिशीनं बोलवायची, हे आत्ताच एका ठरावात बसवून घ्या. उपविधींनी कमिटीच्या खर्चाच्या अधिकाराला मर्यादा घातलेली आहे. ती ओलांडावी लागणार हे आज दिसत असताना ठराव नंतर करण्यात काय हशील?

आता अध्यक्ष काका. तुमच्या पत्रात खरी धास्ती त्यांचीच दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काका वाईट माणूस नाहीत. त्यांना काम चांगलं व्हायला हवंय आणि सकाळी वेळही आहे. पण ते मुकादमाला सहज म्हणणार, «अरे, एवढं तोडलंच आहेस तर तो वरचा छज्जाही करून टाक.» मुकादम मान डोलावणार, छज्जा होणार. महिन्यानं रनिंग बिलात, म्हणजे काम चालू असताना येणाऱ्या बिलात, «जादा काम, अध्यक्षांच्या सूचनेनुसार» अशी एक ओळ येणार. कन्सल्टंट म्हणणार, मी हे सांगितलंच नव्हतं. मग वाद छज्ज्याचा राहत नाही, काकांच्या मानाचा होतो आणि बिल अडकतं. बिल अडकलं की माणसं कमी होतात.

यावर जुना, साधा उपाय आहे. साइटवर डुप्लिकेट पानांचं एक सूचना-पुस्तक ठेवायचं. कंत्राटदाराला सूचना फक्त कन्सल्टंट देणार, तीही त्या पुस्तकात लिहून, सही-तारखेनिशी. एक प्रत कंत्राटदाराकडे, एक तुमच्याकडे. पुस्तकात नसलेल्या कामाचे पैसे मिळणार नाहीत, हे वाक्य करारात घालायचं. म्हणजे तुम्हाला काकांना अडवायची वेळच येत नाही, मुकादमच नम्रपणे सांगेल, «साहेब, पुस्तकात लिहून आणा ना.» काकांशी आधी एकट्यानं बोला. सभेत नको. म्हणा, «काका, तुमच्या नजरेला जे खटकेल ते मला सांगा, मी त्याच दिवशी कन्सल्टंटकडून लिहून घेते. तोंडी सांगितलं की ते आपल्यालाच बिलात भरावं लागतं.» आणि त्यांना खरोखरीचं काम द्या. तिन्ही विंगमध्ये काही दारं अशी असतील जी तुम्ही वाजवलीत तर उघडणार नाहीत : बंद फ्लॅट, परदेशातले मालक, फ्लॉवर बेड आत ओढून खोली केलेले शेजारी. ती दारं काकांच्या शब्दानं उघडतात. हे काम तुम्हाला जमणार नाही, त्यांना जमेल, आणि ते खोटं मोठेपण देणं नाही.

पुढचा मुद्दा मोजमापाचा, आणि इथं गणिताच्या बाईंना सोपं जाईल. तुमच्या निविदेतलं बीओक्यू, म्हणजे कामाच्या परिमाणांचा तक्ता, हा अंदाज आहे. ऑडिट करणारा माणूस जिथं हात पोचतो तिथं हातोडीनं ठोकून बघतो. बद्द आवाज आला की प्लास्टर सुटलेलं. सहाव्या मजल्याच्या बाहेरच्या बीमवर त्याची हातोडी पोचलेलीच नसते. शिवाय आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. बाहेर केसाएवढी चीर दिसते आणि तोडायला घेतलं की हातभर लांबीचं निघतं. म्हणजे परिमाण वाढणार, हे धरूनच चाला. कंत्राटदार लबाड आहे म्हणून ते वाढत नाही. लबाडी होते ती मोजताना.

म्हणून ठोक रकमेऐवजी दरावर करार असू द्या आणि मोजणी तिघांची : कंत्राटदाराचा सुपरवायझर, कन्सल्टंटचा साइट इंजिनिअर, तुमच्याकडचा एक सभासद. तोडल्यावर आणि बुजवायच्या आधी. फोटोत टेप दिसली पाहिजे आणि भिंतीवर खडूनं विंग, मजला, तारीख लिहिलेली दिसली पाहिजे. बुजवल्यानंतर मोजलेलं मान्य करू नका, कितीही गोड बोलले तरी. तुमच्या आयटीवाल्या सभासदांना हे काम द्या. सॉफ्टवेअरची हौस त्यांना एका स्प्रेडशीटमध्ये आणि विंगवार फोटोंच्या फोल्डरमध्ये भागवता येईल, आणि शेवटच्या बिलाच्या वेळी तेच तुमचं सगळ्यात मोठं हत्यार ठरेल.

रकमेतही वाढीची सोय आत्ताच ठेवा. निविदेच्या दहा-पंधरा टक्के वर राखीव ठेवावेत, असं मी सांगेन. हे पैसे कंत्राटदाराला आधी कळू देऊ नयेत, असं काही जण म्हणतात. मला त्यात अर्थ वाटत नाही. सभेच्या इतिवृत्तातली गोष्ट छप्पन्न घरांत गुप्त कशी राहील?

जे अनिश्चित आहे, त्याला हात आधी घाला. हा नियम बहुतेक लोक उलटा पाळतात. सोपी, दिसणारी कामं आधी करून «प्रगती» दाखवतात आणि अवघड शेवटाला ठेवतात. कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, ७४१ किलोमीटर, ई. श्रीधरन यांच्यासारखा प्रमुख. तरी गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं सगळ्यांना खोळंबून ठेवलं. तिथं खडक नव्हता, पाण्यानं भिजलेली मऊ माती होती आणि खणलेलं ढासळत होतं. दोन्हीकडची लाइन तयार असून मधला तुकडा शेवटपर्यंत राहिला, आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. तुमचा पेडण्याचा बोगदा कुठे आहे, ते कन्सल्टंटला विचारा. माझा अंदाज, स्टिल्टमधले, म्हणजे तळमजल्याच्या पार्किंगमधले कॉलम आणि पाण्याच्या टाकीखालचे बीम. मग रंगरंगोटी दिसायच्या आधी, पहिल्या पंधरवड्यात ते उघडून बघा. वाईट बातमी नोव्हेंबरात कळली तर तिच्यावर सभा घेता येते. एप्रिलमध्ये कळली तर नुसतं डोकं धरून बसायचं.

आता वेळापत्रक. सुरुवातीच्या तारखेपासून पुढे मोजू नका, पावसापासून मागे मोजा. हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला पोचतो, पण वळवाच्या सरी तुमचं कॅलेंडर बघून येत नाहीत. म्हणून गच्ची मेच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्ण हवी. पूर्ण म्हणजे कोबा घालून, पाणी कोंडून, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येत नाही हे बघून. त्याच्या मागे बाहेरचा रंग. रंगाच्या मागे प्लास्टर सुकायला दिवस. त्याच्या मागे प्लास्टरला पाणी मारायचे दिवस. त्याच्या मागे ड्रेनेजच्या लाइन, कारण प्लंबर प्लास्टरनंतर आला तर नवं प्लास्टर फोडूनच पाइप जोडणार. सगळ्यात मागे कॉलम-बीम. अशी ही एकामागून एक बांधलेली साखळी, हिच्यातला एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस पुढे जाते. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या बांधणीसाठी जी क्रिटिकल पाथ पद्धत तयार झाली, तिचं सार एवढंच. सगळ्या कामांवर सारखी नजर ठेवायची गरज नाही. या साखळीवर ठेवा. कंपाउंडची भिंत, मीटर रूम, गेट हे चार आठवडे लांबले तरी बिघडत नाही.

साखळी मागे मोजत आलात की तारखांमध्ये आपली माणसंही दिसायला लागतील. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ब्रेकरचा आवाज तेव्हा चालू असेल तर पहिली तक्रार तुमच्याच शाळेतल्या पालकांची येईल. तेव्हा तोडफोड जानेवारीअखेर उरकायची, किंवा ज्या विंगमध्ये परीक्षेची मुलं कमी तिथलं काम त्या काळात घ्यायचं. मजूर उत्तर प्रदेश-बिहारकडचे असतील तर छठ आणि होळीला गावी जाणार, आणि होळीला गेलेले सगळेच लगेच परतत नाहीत. कंत्राटदाराला हे माहीत असतं, तरी त्याच्या तक्त्यात होळी कधीच नसते. त्याला ती तुमच्यासमोर पेन्सिलनं घालायला लावा.

त्याच्या तक्त्यात किती महिने लिहिलेत, यावर फार विसंबू नका. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं आहे की आपल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस आशेनं करतो, आधीच्या तशाच कामांना किती लागला ते विचारात घेत नाही. औषध सोपं आहे. या कंत्राटदारानं दुरुस्त केलेल्या तीन सोसायट्यांच्या सचिवांना फोन करा. काम चांगलं झालं का, हे शेवटी विचारा. आधी विचारा : सांगितले किती महिने, लागले किती, आणि मधे काम बंद कशामुळे पडलं? तिघांची उत्तरं शेजारी शेजारी लिहिलीत की तुमच्या बिल्डिंगला किती लागतील ते तुम्हाला कंत्राटदारापेक्षा बरं कळेल.

काम मागे पडलं की सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, «माणसं वाढवायला सांगा.» काही कामांना माणसं वाढवून फायदा होतो. दुसरी परांची दुसऱ्या विंगला चढवली तर होतो. पण एकाच परांचीवर सहाच्या जागी बारा जण चढवले तर ते एकमेकांच्या पायात येतात, आणि सिमेंटला तर मजूर किती हे कळतच नाही. आयएस ४५६ हे भारतीय मानक काँक्रीट किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं, मिश्र सिमेंट असेल तर दहा. घाईत सगळ्यात आधी कापला जातो तो हाच पाणी मारायचा काळ, कारण न मारलेलं पाणी लगेच दिसत नाही. दोन पावसाळ्यांनी भेगा दिसतात. तेव्हा कोणत्या भिंतीला किती दिवस पाणी मारलं, याची नोंद वॉचमनकडून रोज घ्या. पॉलिमर मॉर्टरला, म्हणजे कॉलम-बीममध्ये भरायच्या रसायनमिश्रित मसाल्याला, वेगळे नियम आहेत, ते कन्सल्टंटकडून लेखी घ्या.

ॲजाइलवाल्या सभासदांना नाही म्हणू नका. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त ते आयटीच्या भाषेत आहे. सगळं एकदम न उघडता आधी एक छोटा भाग पूर्ण करून बघावा, असं ते म्हणतायत. तसंच करा. ए विंगची मागची एक पट्टी निवडा आणि तिथं तोडण्यापासून रंगाच्या पहिल्या हातापर्यंत सगळं करून घ्या. एका मजल्याला खरंच किती दिवस लागतात, परिमाण किती वाढतं, राडारोडा कुठे साठतो आणि कोण उचलतो, धूळ कुणाच्या देवघरात जाते, हे सगळं त्या एका पट्टीत कळेल. मग उरलेल्या इमारतीचा तक्ता नव्यानं करा. कंत्राटदार कुरकुरेल, कारण त्याला सगळीकडे परांची लावून पहिलं बिल मोठं करायचं असतं.

पैशांचं थोडक्यात. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी जमतो तो बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरानं, आणि बांधकाम खर्च १९९१चा असेल तर त्या निधीतून आज परांचीही भागणार नाही. म्हणजे वर्गणी आली. ती क्षेत्रफळावर की सदनिकेगणिक सारखी, किती हप्त्यांत, थकली तर व्याज किती, हे ठरावात स्पष्ट नसेल तर आधी तेवढ्यासाठी सभा घ्या. कामं थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण सोसायटीनं थकवलेलं रनिंग बिल हेच असतं, आणि ते कुणी कबूल करत नाही. पहिल्या दोन बिलांइतके पैसे खात्यात जमल्याशिवाय परांची चढू देऊ नका. बिल मोजलेल्या कामावर द्यायचं, उलटलेल्या महिन्यांवर नाही. प्रत्येक बिलातून पाच टक्के अनामत रोखून ठेवायची आणि ती हमीची मुदत संपल्यावर सोडायची. ॲडव्हान्स मागितला तर बँक गॅरंटीवर. दरांत १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही, हे सहीआधी लेखी विचारा. टीडीएस कापायचं तुमच्या खजिनदारांना माहीत असेलच.

रोज खाली उतरायची तुम्हाला गरज नाही, शाळा सांभाळून ते जमणारही नाही. आठवड्यातून एक दिवस आणि वेळ पक्की करा, समजा शनिवारी सकाळी आठ. कन्सल्टंटचा इंजिनिअर, कंत्राटदाराचा सुपरवायझर, तुम्ही, काका. आधी चालत एक फेरी, मग वॉचमनच्या टेबलाशी उभ्या उभ्या तीनच प्रश्न : गेल्या शनिवारी जे करायचं म्हटलं होतं त्यातलं काय झालं, काय अडलंय, आणि ते सोडवायला कुणी काय कधीपर्यंत ठरवायचं. «काम चालू आहे» हे उत्तर घेऊ नका. «नव्वद टक्के झालं» हेही नको. उरलेले दहा टक्के महिनाभर पुरतात, हे साइटवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. झालं किंवा नाही झालं, एवढंच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीत जातं.

त्याच दिवशी लिफ्टमध्ये एक कागद लावा. मोठ्या अक्षरात, चार ओळी : या आठवड्यात कोणत्या विंगच्या कोणत्या बाजूला काम, पाणी कधी बंद, खिडक्या कधी बंद ठेवायच्या, गाड्या कुठून हलवायच्या. हाच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाका, पण ग्रुपवर तक्रारी घेऊ नका. तक्रारीला वॉचमनकडे रजिस्टर. ग्रुपवर एका फोटोखाली चाळीस जण मत देतात आणि मूळ गळती कुणाच्या बाथरूममध्ये आहे ते हरवून जातं.

काम सुरू व्हायच्या आधीची कमिटीची शेवटची सभा एका वेगळ्या खेळासाठी ठेवा. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सुचवलेली ही रीत आहे. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटा आणि सांगा : समजा, पुढचा जुलै महिना आहे, काम अर्धवट आहे आणि ए विंगच्या जिन्यात पाणी ठिबकतंय. काय झालं असेल ते लिहा. «काय होऊ शकेल» असं विचारू नका, मग सगळे «काही होणार नाही हो» म्हणतात. ते झालंच आहे असं धरून लिहायला सांगितलं की गप्प बसणारे खजिनदारही लिहितात की सी विंगचे चौघे वर्गणी देणार नाहीत, आणि नवी सूनबाई लिहिते की परांचीवरून कुणी खिडकीत डोकावलं म्हणून भांडण झालं. अपशकुनी बोलू नये असं कुणी म्हणालं तर हसून घ्या आणि चिठ्ठ्या गोळा करा. प्रत्येक चिठ्ठीतून वहीत एक ओळ निघते.

सुरक्षेची बाब कुणाच्या निर्णयावर सोडू नका. मजुरांच्या विम्याची पॉलिसी, पट्टे, हेल्मेट, जाळी आणि येण्याजाण्याच्या वाटेवर पत्र्याचं छत या गोष्टी पहिल्या दिवशी नसतील तर काम त्या दिवशी सुरू होत नाही. कन्सल्टंटनं पुस्तकात तसं लिहायचं आणि तुम्ही मागे हटायचं नाही. कठडा आणि खिडक्यांवरच्या कुंड्या आधी घरात घ्यायला लावा. त्या खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर पडतात.

शेवटी तुमचा टक्केवारीचा प्रश्न. टक्केवारीवर फी घेण्याची पद्धत सर्रास आहे, ती मागितली म्हणून तुमचा कन्सल्टंट वाईट ठरत नाही. पण जो माणूस मोजमापावर सही करणार, त्याची कमाई मोजमापाबरोबर वाढू नये. त्याला ठरावीक रक्कम सुचवा आणि ती टप्प्यांत बांधा : काही करारावर, काही बाहेरचं प्लास्टर पूर्ण झाल्यावर, काही गच्चीत पाणी कोंडून झाल्यावर, आणि चांगला मोठा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर तो स्वतः तिन्ही विंग फिरून, ओल नाही असं लिहून देईल तेव्हा. आठवड्यातून किती फेऱ्या, त्याच्या वतीनं कोण येणार, वॉटरप्रूफिंगची हमीपत्रं, बदललेल्या लाइनचे नकाशे आणि रंगांचे कोड शेवटच्या बिलाआधी तोच जमवून देणार, हेही त्यातच घाला. अगदीच ऐकला नाही तर टक्केवारी मूळ निविदेच्या रकमेवर गोठवा. वाढलेल्या कामावर टक्का नाही. आणि हे बोलणं दिवाळीआधीच उरकून घ्या, त्याची गरज तुम्हाला आहे तितकीच आज त्यालाही तुमची आहे.